सोल संगीतातील एक ध्वनिमुद्रिका आणि तिचा बाजार: आयझॅक हेझ यांच्या ‘हॉट बटर्ड सोल’ (१९६९) चा अभ्यास

बीजसंज्ञा: सोल संगीत, दीर्घ ध्वनिमुद्रिका, स्टॅक्स, विक्रीयादी, मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी, स्वामित्वशुल्क

प्रस्तावना

लोकप्रिय संगीताचा विचार करताना गीत, चाल आणि गायकी या अंगांची चर्चा पुष्कळ होते. ते संगीत कोणत्या रूपात विकले गेले, कोणाला विकले गेले आणि त्या विक्रीचा पैसा कोणाकडे गेला, हे प्रश्न मात्र वाणिज्य विद्याशाखेचे म्हणून बाजूला ठेवले जातात. वस्तुतः विसाव्या शतकातील संगीताचा आकारच बाजाराने घडविला आहे. गाणे तीन मिनिटांचे का असते, याचे उत्तर संगीतशास्त्रात नसून तबकडीच्या लांबीत आणि रेडिओच्या वेळापत्रकात आहे.

या दृष्टीने अमेरिकेतील सोल गायक आयझॅक हेझ यांची १९६९ सालची ‘हॉट बटर्ड सोल’ ही ध्वनिमुद्रिका विशेष अभ्यसनीय ठरते. पंचेचाळीस मिनिटांत अवघी चार गाणी असलेल्या या ध्वनिमुद्रिकेने कृष्णवर्णीय ग्राहकाविषयीचा ध्वनिमुद्रण व्यवसायातील एक दृढ समज मोडून काढला. ती निर्माण झाली ती एका कंपनीने आपल्या सर्व जुन्या ध्वनिमुद्रणांची मालकी गमावल्यामुळे. आणि तिच्या अपूर्व विक्रीनंतर अवघ्या आठ-नऊ वर्षांत तिच्या कर्त्यानेही आपल्या संगीतावरील उत्पन्नाचा हक्क गमावला. प्रस्तुत लेखात या तीन घटनांचा परस्परसंबंध तपासावयाचा आहे.

रॉब बोमन यांचा ‘सोल्सव्हिल यू.एस.ए.’ (१९९७) हा ग्रंथ स्टॅक्स कंपनीच्या इतिहासाचे प्रमुख साधन मानला जातो. पीटर गुरालनिक यांचे ‘स्वीट सोल म्युझिक’ (१९८६) आणि रॉबर्ट गॉर्डन यांचे ‘रिस्पेक्ट युवरसेल्फ’ (२०१३) हेही या क्षेत्रातील महत्त्वाचे ग्रंथ होत. मराठीत या विषयावर फारसे लेखन झालेले नसल्याने काही प्राथमिक संज्ञांचा खुलासा प्रथम करणे आवश्यक आहे.

सोल, सिंगल आणि दीर्घ ध्वनिमुद्रिका

सोल हा अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजात १९५० च्या दशकात आकारास आलेला संगीतप्रकार होय. चर्चमधील गॉस्पेल या भक्तिसंगीताची गायकी आणि ऱ्हिदम अँड ब्लूज या लौकिक संगीताचा विषय व ठेका यांचा त्यात संयोग झाला. चर्चमध्ये ईश्वराला उद्देशून घातलेली साद येथे प्रिय व्यक्तीला घातली जाते. श्रोत्यांना उत्तर द्यावयास लावणे, एकाच शब्दावर घोळत राहणे, गाता गाता बोलू लागणे ही वैशिष्ट्ये प्रवचनाच्या परंपरेतून आली आहेत. ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने आपल्या ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ यादीला ‘सोल’ हे नाव दिले ते ऑगस्ट १९६९ मध्ये, म्हणजे ज्या ध्वनिमुद्रिकेचा येथे विचार करावयाचा आहे ती बाजारात असतानाच.

कोलंबिया कंपनीने १९४८ मध्ये मिनिटाला ३३ १/३ फेऱ्यांची दीर्घ तबकडी आणली आणि १९४९ मध्ये आर.सी.ए. कंपनीने ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आणली. पहिलीच्या एकेका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावत असे, दुसरीच्या एका बाजूवर साधारणतः एक गाणे. या छोट्या तबकडीलाच सिंगल म्हणतात. तांत्रिक साधनाने कलेला आपल्या मापात बसविण्याचा हा प्रकार मराठी वाचकास अपरिचित नाही. रंगभूमीवर वन्समोअर घेत रंगणारे नाट्यपद ७८ फेऱ्यांच्या तबकडीने तीन-सव्वातीन मिनिटांत आणून ठेवले होते, आणि पुढच्या पिढीने पुष्कळदा ते तेवढेच ऐकले.

अमेरिकेत या दोन आकारांची विभागणी हळूहळू ग्राहकवर्गानुसार झाली. दीर्घ तबकडी ही शास्त्रीय संगीत, जॅझ आणि पुढे गोरा रॉकश्रोता यांच्यासाठी. कृष्णवर्णीय ग्राहक मात्र सिंगल विकत घेतो, त्याला दीर्घ तबकडी परवडत नाही व तिच्यात त्याला रसही नाही, असा व्यापाऱ्यांचा समज होता. त्यामुळे सोल गायकाची दीर्घ ध्वनिमुद्रिका म्हणजे बहुधा एक-दोन गाजलेली सिंगल्स आणि त्यांच्या जोडीला भरतीची आठ-दहा गाणी असे तिचे स्वरूप असे. ती करण्यास पैसा व वेळ कमी दिला जाई. त्यामुळे ती कमी विकली जाई. आणि ती कमी विकली जाते हाच मूळ समजाचा पुरावा ठरे. हे वर्तुळ अर्थशास्त्राच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घेण्यासारखे आहे.

या समजाला छेद देणारी उदाहरणे पूर्वी नव्हती असे नाही. जेम्स ब्राउन यांना अपोलो नाट्यगृहातील मैफलीचे ध्वनिमुद्रण करावयाचे होते, तेव्हा किंग रेकॉर्ड्सचे प्रमुख सिड नेथन यांनी नकार दिला. ब्राउन यांनी स्वतःचा पैसा घातला, आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेली ती ध्वनिमुद्रिका बिलबोर्डच्या सर्वसाधारण यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. अरीथा फ्रँकलिन यांची १९६७ सालची ‘आय नेव्हर लव्ह्ड अ मॅन द वे आय लव्ह यू’ हीही दुसऱ्या क्रमांकावर पोहोचली. परंतु पहिलीचे यश मैफलीच्या खात्यावर आणि दुसरीचे तिच्यातील गाजलेल्या सिंगल्सच्या खात्यावर टाकून व्यवसाय मोकळा झाला. समज टिकून राहिला.

स्टॅक्सचे नुकसान

टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात जिम स्ट्यूअर्ट आणि त्यांच्या भगिनी एस्टेल अॅक्स्टन यांनी चालविलेली स्टॅक्स ही कंपनी. दोघांच्या आडनावांची आद्याक्षरे मिळून हे नाव तयार झाले. स्ट्यूअर्ट बँकेत नोकरीस होते आणि फिडल वाजवीत. मॅक्लेमोर अॅव्हेन्यूवरील एका बंद पडलेल्या चित्रपटगृहात त्यांनी स्टुडिओ थाटला. वर्णभेद कडकपणे पाळणाऱ्या त्या शहरात या स्टुडिओत गोरे व कृष्णवर्णीय वादक एकत्र वाजवीत असत, ही गोष्ट सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने लहान नाही.

स्टॅक्सच्या तबकड्यांचे देशभर वितरण न्यूयॉर्कची अटलांटिक कंपनी करीत असे. आरंभी हा व्यवहार विश्वासावर चालला. १९६५ मध्ये तो कागदावर आला. १९६७ मध्ये अटलांटिक ही वॉर्नर ब्रदर्स-सेव्हन आर्ट्सने विकत घेतली आणि १९६८ मध्ये वितरण करार संपुष्टात आला, तेव्हा स्ट्यूअर्ट यांच्या ध्यानात आले की, अटलांटिकने वितरित केलेल्या सर्व मूळ ध्वनिमुद्रणांची मालकी त्या करारान्वये अटलांटिकची झाली होती. स्टॅक्सच्या स्टुडिओत, स्टॅक्सच्या वादकांनी आणि स्टॅक्सच्या खर्चाने केलेले काम स्टॅक्सचे राहिले नव्हते. सॅम अँड डेव्ह ही जोडी मुळात अटलांटिकशी करारबद्ध असल्याने तीही परत गेली.

याआधीच १० डिसेंबर १९६७ रोजी विमान अपघातात कंपनीचे सर्वांत मोठे गायक ओटिस रेडिंग आणि बार-केज या वादकसंघातील बहुतेक तरुण मरण पावले होते. ४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्येच, सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची लोरेन मोटेलमध्ये हत्या झाली. स्टॅक्सच्या गीतकारांची त्या मोटेलमध्ये नेहमीची ऊठबस असे. हेझ यांनी पुढे मुलाखतींतून सांगितले आहे की, या घटनेनंतर जवळजवळ वर्षभर त्यांच्या हातून काही निर्माण होऊ शकले नाही.

मे १९६८ मध्ये स्टॅक्स ही गल्फ अँड वेस्टर्न या उद्योगसमूहाच्या ताब्यात गेली. कंपनीचा कारभार तेव्हा मुख्यतः अल बेल यांच्याकडे होता. बेल हे पूर्वाश्रमीचे रेडिओ निवेदक. ग्राहकाच्या कानाची त्यांना पारख होती. ध्वनिमुद्रण कंपनीला नव्या गाण्यांइतकाच जुन्या गाण्यांचा आधार असतो, कारण जुने ध्वनिमुद्रण नव्याने खर्च न करता विकत राहते. स्टॅक्सपाशी तो साठाच उरला नव्हता. तेव्हा साठा एकदम निर्माण करावयाचा, असा निर्णय बेल यांनी घेतला. मे १९६९ मध्ये मेम्फिस येथे भरवावयाच्या विक्री-संमेलनासाठी त्यांनी एकाच वेळी २७ दीर्घ ध्वनिमुद्रिका तयार करण्याचे ठरविले. कंपनीच्या आकारमानाने पाहता हे धाडसच होते. ‘हॉट बटर्ड सोल’ ही त्या सत्तावीसांपैकी एक.

निर्मिती

आयझॅक हेझ यांचा जन्म २० ऑगस्ट १९४२ रोजी टेनेसीतील कोव्हिंग्टन येथे झाला. आजी-आजोबांनी त्यांना वाढविले. कुटुंब वाट्याने शेती करणारे. लहानपणी हेझ यांनी कापूस वेचला आणि मेम्फिसला आल्यावर मांस भरण्याच्या कारखान्यात काम केले. शालेय शिक्षण पूर्ण होण्यास त्यांना विसावे वर्ष उलटून जावे लागले. १९६४ मध्ये ते स्टॅक्समध्ये कळपट्टीची वाद्ये वाजविण्यासाठी आले आणि डेव्हिड पोर्टर यांच्यासह गीतरचना करू लागले. सॅम अँड डेव्ह यांनी गायिलेली ‘होल्ड ऑन, आय अॅम कमिन’ (१९६६) आणि ‘सोल मॅन’ (१९६७) ही या जोडीचीच. ही दोन्ही ध्वनिमुद्रणे अर्थातच अटलांटिककडे गेली. १९६८ मध्ये हेझ यांची पहिली स्वतंत्र ध्वनिमुद्रिका निघाली; स्टुडिओतील एका रात्रीच्या मेजवानीनंतर सहज वाजविता वाजविता ती तयार झाली होती. ती विकली गेली नाही.

दुसऱ्या वेळी त्यांनी एकच अट घातली: आपल्याला हवे तसे करू द्यावे. बेल यांनी ती मान्य केली. सव्वीस अन्य ध्वनिमुद्रिका निघणार असल्यामुळे ही एक चालली नाही तरी बिघडणार नाही, या जाणिवेने आपण मोकळे झालो, असा हेझ यांच्या पुढील काळातील निवेदनांचा आशय आहे. कलाव्यवहाराच्या अभ्यासकास ही गोष्ट बोधप्रद वाटावी. कंपनीने येथे स्वातंत्र्य दिले ते कलावंतावरील श्रद्धेपोटी जितके, तितकेच त्याच्याकडून फारशी अपेक्षा नसल्यामुळे.

स्टॅक्सचा स्टुडिओ सत्तावीस ध्वनिमुद्रिकांच्या कामात गुंतलेला असल्याने हे ध्वनिमुद्रण मेम्फिसमधील आर्डेंट स्टुडिओत झाले. अल बेल, अॅलन जोन्स व मार्व्हेल थॉमस हे निर्माते होते. साथीस बार-केज होते, म्हणजे अपघातानंतर उरलेल्या जेम्स अलेक्झांडर यांच्याभोवती पुन्हा उभा राहिलेला संघ. तंतुवाद्यांची व सुषिरवाद्यांची योजना डेट्रॉइटचे जॉनी अॅलन यांनी केली आणि ती वाद्ये तेथेच ध्वनिमुद्रित झाली.

चारपैकी ‘वॉक ऑन बाय’ हे बर्ट बॅकरॅक व हॅल डेव्हिड यांचे गीत. डिऑन वॉरविक यांनी १९६४ मध्ये ते सुमारे तीन मिनिटांत गायिले होते; हेझ यांनी त्यासाठी बारा मिनिटे घेतली. ‘बाय द टाइम आय गेट टू फीनिक्स’ हे जिमी वेब यांचे, ग्लेन कॅम्बेल या कंट्री गायकाने १९६७ मध्ये लोकप्रिय केलेले. ते येथे १८ मिनिटे ४२ सेकंद चालते. ‘वन वुमन’ हे पाच मिनिटांचे, नेहमीच्या मापाचे गाणे. उरलेले, ‘हायपरबोलिकसिलॅबिकसेस्क्वेडॅलिमिस्टिक’, हे एकच हेझ यांची स्वतःची रचना होय. त्यात सहरचनाकार म्हणून अल बेल यांचे मूळ नाव, अल्व्हर्टिस इझबेल, नोंदलेले आहे. शीर्षक हा लांबलचक शब्दांची थट्टा करणारा एक लांबलचक शब्द आहे.

‘फीनिक्स’च्या लांबीचे कारण पाहण्यासारखे आहे. मेम्फिसमधील एका क्लबात हे गीत गाण्यापूर्वी श्रोते गप्पांत गुंतलेले दिसले, तेव्हा हेझ यांनी वादकांना एकच स्वरसंगती धरून ठेवावयास सांगितले आणि गीतातील पुरुषाची कथा ते बोलून सांगू लागले. तो कोण, त्याची पत्नी कोण, तो घर का सोडून निघाला. हळूहळू सभागृह शांत झाले. ध्वनिमुद्रिकेतही गायन सुरू होण्यापूर्वी आठ मिनिटांहून अधिक काळ हे निवेदन चालते. ऑर्गनचा एक सूर आणि झांजेवरील संथ ठोका यांखेरीज त्याला जवळजवळ साथ नाही. कंट्री संगीतातील एक छोटे गोरे गीत कृष्णवर्णीय प्रवचनाच्या पद्धतीने असे उलगडले जाते. यास पसरटपणा म्हणणारे समीक्षक आहेत, आणि बारा-अठरा मिनिटांत काही जागा सैल आहेत हे मान्यही करावे लागेल. तथापि आठ मिनिटांच्या वाट पाहण्यानंतर येणारी गीताची पहिली ओळ जे करते, ते तीन मिनिटांच्या आवृत्तीस करता येत नाही.

बाजारातील स्वागत

१९६९ च्या उन्हाळ्यात स्टॅक्सच्या एंटरप्राइझ या उपनाममुद्रेखाली ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठावर चेहरा नव्हता. हेझ यांच्या मुंडन केलेल्या मस्तकाचे वरून घेतलेले छायाचित्र आणि गळ्यातील सोनेरी साखळी एवढेच होते. प्रचलित रीत अशी की आधी सिंगल काढावे, ते रेडिओवर चालले तर त्याच्या आधाराने दीर्घ ध्वनिमुद्रिका विकावी. येथे क्रम उलटा झाला. दीर्घ ध्वनिमुद्रिका आधी चालली. ‘वॉक ऑन बाय’ आणि ‘फीनिक्स’ यांच्या काटछाट केलेल्या आवृत्त्या एकाच सिंगलच्या दोन बाजूंवर नंतर निघाल्या.

बिलबोर्डच्या सर्वसाधारण दीर्घ-ध्वनिमुद्रिकांच्या यादीत ‘हॉट बटर्ड सोल’ आठव्या क्रमांकापर्यंत गेली. सोल यादीत ती पहिली होती आणि जॅझ यादीतही पहिली. सिंगलच्या दोन बाजू मात्र सर्वसाधारण यादीत अनुक्रमे ३० आणि ३७ या क्रमांकांवर थांबल्या. या आकड्यांतील अंतर हाच येथे खरा पुरावा आहे. सिंगल मध्यम चालले आणि दीर्घ ध्वनिमुद्रिका अफाट चालली; म्हणजे ग्राहक गाजलेल्या गाण्यासाठी तबकडी घेत नव्हता, तर संपूर्ण तबकडीच घेत होता. ब्राउन किंवा फ्रँकलिन यांच्या यशाचे जे स्पष्टीकरण देता आले, ते येथे लागू पडत नव्हते. एकूण विक्री दहा लाख प्रतींच्या पुढे गेली, असे स्टॅक्सच्या इतिहासकारांनी नमूद केले आहे.

या आकड्यांचा अर्थ लावताना थोडी सावधगिरी बाळगावयास हवी. बिलबोर्डच्या तत्कालीन याद्या दुकानदारांनी कळविलेल्या माहितीवर आधारित असत. प्रत्यक्ष विक्रीची यांत्रिक मोजदाद १९९१ मध्ये साउंडस्कॅन पद्धत आल्यानंतरच सुरू झाली. त्यामुळे क्रमांक म्हणजे प्रतींची संख्या नव्हे. शिवाय एकच ध्वनिमुद्रिका सोल आणि जॅझ अशा दोन याद्यांत अग्रस्थानी असणे हे श्रोत्यांच्या अभिरुचीपेक्षा दुकानदारांच्या संभ्रमाचेही द्योतक असू शकते. तिला कोणत्या फळीवर ठेवावे हेच त्यांना कळेना, असे म्हणावयास जागा आहे.

विक्रीची कारणे केवळ संगीतात शोधून चालणार नाही. मोठ्या शहरांतील एफ.एम. केंद्रांनी आपल्याच ए.एम. केंद्राचे कार्यक्रम सरसकट पुन्हा प्रक्षेपित करू नयेत, असा नियम अमेरिकेच्या संघराज्यीय दळणवळण आयोगाने केला होता आणि १९६७ पासून तो अमलात आला. त्यामुळे रिकाम्या झालेल्या तासांत दीर्घ गाणी वाजविणारी केंद्रे उदयास आली. दुसरे असे की, १९६० च्या दशकात शहरी कृष्णवर्णीय मध्यमवर्गाची क्रयशक्ती वाढली होती. घरात स्टिरिओ यंत्र आले होते. ते यंत्र असलेल्या कुटुंबाला व्यवसाय अद्याप ज्यूकबॉक्सचा ग्राहक समजत होता. ग्राहक बदलला होता, त्याची व्यवसायातील प्रतिमा बदलली नव्हती.

ती पुढे झपाट्याने बदलली. हेझ यांच्या १९७० मधील दोन्ही ध्वनिमुद्रिका सोल यादीत प्रथम क्रमांकावर आल्या. १९७१ मधील ‘शाफ्ट’ या चित्रपटाची त्यांची दुहेरी ध्वनिमुद्रिका सर्वसाधारण यादीतही पहिली आली आणि एप्रिल १९७२ मध्ये तिच्यातील शीर्षकगीतास ऑस्कर पारितोषिक मिळाले. कर्टिस मेफील्ड, मार्व्हिन गे आणि स्टीव्ही वंडर यांच्या १९७० नंतरच्या सलग, विचारपूर्वक बांधलेल्या ध्वनिमुद्रिका याच काळातील. त्या सर्वांचे श्रेय हेझ यांना देणे अतिशयोक्त ठरेल. गे यांना मोटाउन कंपनीशी स्वतंत्रपणे झगडावे लागले. परंतु दीर्घ सोल ध्वनिमुद्रिका विकत नाही, हे कारण पुढे करणे आता कोणत्याही कंपनीस कठीण झाले होते. मोठ्या कंपन्यांचेही लक्ष तिकडे वळले. कोलंबिया समूहाने हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यार्थ्यांकडून सोल संगीताच्या बाजारपेठेचा अहवाल करवून घेतला तो मे १९७२ मध्ये, आणि त्याच वर्षी कोलंबियाची मालक कंपनी सी.बी.एस. हिने स्टॅक्सशी वितरण करार केला.

पैशाचा प्रवास

येथे ध्वनिमुद्रणाच्या कायद्यातील एक भेद समजून घ्यावयास हवा. प्रत्येक ध्वनिमुद्रणात दोन मालमत्ता असतात: गीत-संगीताची रचना ही एक आणि त्या रचनेचे विशिष्ट ध्वनिमुद्रण ही दुसरी. रचनेचे उत्पन्न गीतकार, संगीतकार व त्यांचे प्रकाशक यांना मिळते. मूळ ध्वनिमुद्रणाचे उत्पन्न कंपनीला मिळते आणि तिने ठरवून दिलेला अंश गायकाला.

‘हॉट बटर्ड सोल’मधील चारपैकी तीन रचना दुसऱ्यांच्या होत्या. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याने प्रत्येक रचनेमागे प्रत्येक प्रतीस दोन सेंट हा दर ठरविला होता, आणि तो १९७८ पर्यंत बदलला नाही. दहा-बारा गाण्यांच्या तबकडीवर कंपनीला या दराने वीस-चोवीस सेंट द्यावे लागत; चार गाण्यांच्या तबकडीवर आठ. प्रत्यक्ष करारांत फेरफार होत असले तरी कमी गाण्यांची तबकडी कंपनीला या बाजूने स्वस्त पडे, हे उघड आहे. रेडिओची स्थिती याहून विषम आहे. अमेरिकेतील पारंपरिक रेडिओ केंद्रे रचनाकारांना मोबदला देतात. गायकाला किंवा ध्वनिमुद्रणाच्या मालकाला आजही देत नाहीत. हेझ यांच्या आवाजातील ‘वॉक ऑन बाय’ रेडिओवर लागले की शुल्क बॅकरॅक व डेव्हिड यांच्या बाजूस जमा होई. ज्या गीतकाराने ‘सोल मॅन’ लिहिले, त्याच्या कीर्तीचा पाया दुसऱ्यांच्या गीतांवर उभा राहिला, याची ही आर्थिक बाजू.

उरला तो विक्रीवरील अंश, आणि तो स्टॅक्सच्या प्रकृतीवर अवलंबून होता. १९७० मध्ये बेल व स्ट्यूअर्ट यांनी कर्ज काढून कंपनी गल्फ अँड वेस्टर्नकडून परत घेतली. सी.बी.एस.शी करार घडवून आणणारे क्लाइव्ह डेव्हिस १९७३ मध्ये तेथून गेले आणि संबंध बिघडले. स्टॅक्सचा माल बाजारात पोहोचेनासा झाला. १९७४ मध्ये हेझ यांनी थकलेल्या मानधनासाठी कंपनीविरुद्ध दावा केला आणि ते बाहेर पडले. ए.बी.सी. कंपनीच्या आश्रयाने त्यांनी काढलेल्या स्वतःच्या नाममुद्रेला ‘हॉट बटर्ड सोल’ हेच नाव दिले. डिसेंबर १९७५ मध्ये स्टॅक्स दिवाळखोरीत निघाली. वर्षभराने, साठ लाख डॉलरहून अधिक देणे अंगावर घेऊन हेझ स्वतः दिवाळखोर ठरले. १९७७ पर्यंत ती कार्यवाही पूर्ण झाली तेव्हा घर व बरीचशी चीजवस्तू यांबरोबर, त्यांनी लिहिलेल्या, गायिलेल्या आणि निर्मिलेल्या संगीताच्या भावी उत्पन्नाचा हक्कही गेला होता.

हेझ यांची खर्चिक राहणी हे त्याचे कारण म्हणून नेहमी सांगितले जाते, आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या त्यांच्या मोटारीचा उल्लेख त्यात असतोच. खर्चिकपणा नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच काळात तितकेच उधळे असलेले अनेक गायक पुढे जुन्या ध्वनिमुद्रणांच्या उत्पन्नावर सावरले. जुन्या कामाचा हा आधार १९६८ मध्ये स्टॅक्सकडून गेला होता. १९७७ मध्ये तो हेझ यांच्याकडून गेला.

विक्री मात्र थांबली नव्हती. १९६८ नंतरचा स्टॅक्सचा साठा १९७७ मध्ये फँटसी कंपनीने घेतला आणि २००४ मध्ये फँटसी ही कॉनकॉर्डकडे गेली. त्याआधीचा साठा अटलांटिककडेच राहिला. दरम्यान हिप-हॉप संगीतकारांनी ‘हॉट बटर्ड सोल’मधील तुकडे उचलून नव्या गाण्यांत वापरण्यास सुरुवात केली. पब्लिक एनिमी यांनी १९८८ मध्ये ‘हायपरबोलिक...’मधील पियानो घेतला, नोटोरियस बी.आय.जी. यांनी १९९४ मध्ये आणि बियॉन्से यांनी २०१६ मध्ये ‘वॉक ऑन बाय’ वापरले. अशा वापरासाठी रचनेच्या आणि मूळ ध्वनिमुद्रणाच्या अशा दोन्ही मालकांची परवानगी लागते. ज्याच्या कल्पनेने त्या रचनेला बारा मिनिटांचे नवे रूप दिले, तो या दोहोंपैकी कोणत्याच रकान्यात येत नाही.

अमेरिकेच्या संघराज्यीय कायद्याने ध्वनिमुद्रणांना स्वामित्वाचे संरक्षण दिले ते १५ फेब्रुवारी १९७२ पासून. ‘हॉट बटर्ड सोल’ त्याआधीची. त्यामुळे इंटरनेट व उपग्रह रेडिओवरील प्रक्षेपणासाठी १९९५ नंतर जो मोबदला नव्या ध्वनिमुद्रणांच्या गायकांना कायद्याने मिळू लागला, त्याच्या कक्षेत ती नव्हती. ऑक्टोबर २०१८ मध्ये संमत झालेल्या म्युझिक मॉडर्नायझेशन अॅक्टने ही त्रुटी दूर केली. १९५७ ते १५ फेब्रुवारी १९७२ या काळात प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांना त्यानुसार १५ फेब्रुवारी २०६७ पर्यंत संरक्षण आहे, आणि अशा डिजिटल प्रक्षेपणाच्या शुल्कातील मुख्य गायकाचा वाटा कंपनीमार्फत न जाता थेट गायकाला किंवा त्याच्या वारसांना देण्याची तरतूद आहे. आयझॅक हेझ यांचे निधन १० ऑगस्ट २००८ रोजी झाले होते.